पट्टीचा कोपरा

सिस्टरने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला, त्याच्या मधोमध कापसाचा बोळा चिकटवला आणि दोन्ही मिळून स्वतःच्याच डाव्या दंडावर दाबून बसवलं. एका हाताने करायचं म्हणजे कसरतच होती. पहिली पट्टी वाकडी बसली, म्हणून ती काढून तिने दुसरी लावली. मग सवयीप्रमाणे तिचा एक कोपरा नखाने उचलून आत दुमडला. बोळा कोरडा होता आणि त्याखालच्या कातडीला सुई लागलेलीच नव्हती.

बेसिनवरच्या आरशात तिने दंड वळवून पाहिला. बाही खाली केली की पट्टीची कड जराशी दिसत होती. मुद्दाम दाखवतेय असं वाटणार नाही आणि कुणी विचारलं तर दाखवताही येईल, एवढीच. एरवी ती खोटं बोलायची ते फक्त लहान मुलांशी आणि तेही मुंगी चावल्यासारखं वाटेल, एवढंच. आजचं खोटं मात्र भलं मोठं होतं. आणि तिला स्वतःला सातवा महिना लागलेला होता.

हे सगळं गुंडीसाठी चाललं होतं. गुंडी म्हणजे तिची नणंद. लहानपणी गोल, घट्ट आणि सारखी कुठेतरी हरवणारी, म्हणून घरात तिचं नाव गुंडी पडलं. पुढे लग्न होऊन ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला गेली, तिला आठवा महिना लागला, तरी नाव काही सुटलं नाही. डांग्या खोकल्याची लस दोघींनीही घ्यायची होती. गुंडीने जिन्यातच जाहीर करून टाकलं होतं, "वहिनी, आधी तू घे, मग मी. तुझ्याआधी नाही. उगाच मला तुमच्या दवाखान्याचा उंदीर करू नका."

ती हसत म्हणाली होती, पण मागे हटणारी नव्हती.

लस घ्यायलाच हवी, याबद्दल सिस्टरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गेल्या महिन्यात एक बाई पळत दवाखान्यात आली होती आणि तिच्या हातात जेमतेम बाळसं धरू लागलेलं मूल होतं. ते खोकत होतं, खोकता खोकता काळंनिळं पडत होतं, आणि खोकला थांबला की पुढचा श्वास येईपर्यंत सगळी खोली गप्प होत होती. मोठ्या इस्पितळाची गाडी येईपर्यंत सिस्टरनेच त्याला धरून ठेवलं. मूल वाचलं, असं नंतर कळलं. पण ती मधली शांतता तिच्या कानातून अजून गेली नव्हती. गुंडीच्या बाळावर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं.

स्वतःच्या बाळावर येऊ द्यायची होती, असं नाही. पण तिथे तिचं शिक्षण लंगडं पडत होतं.

मागच्या खेपेला तिने फ्लूची लस हौसेने, रांगेत सगळ्यांच्या आधी उभं राहून घेतली होती. त्याच आठवड्यात सगळं संपलं. गर्भाची वाढच नीट होत नव्हती, ते आधीपासून सुरू झालेलं होतं, लसीचा त्यात काही हात नाही, असं डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. तिला ते पटलं. पुढे दुसऱ्या बायकांनाही ती तेच समजावत आली. पण तेव्हा तिच्या उशाशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "इंजेक्शन नसतं घेतलं तर..." आणि थांबल्या होत्या. ते वाक्य पुढे कुणी पुरं केलं नाही. डॉक्टरांचं बोलणं डोक्यात राहिलं आणि ते अर्धं वाक्य पोटात जाऊन बसलं. या खेपेला मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं तेव्हा ती दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात" म्हणाली होती.

मोठ्या बाई म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या परिचारिका. त्या डोळे वटारून बोलत आणि हळू हाताने टोचत. सिस्टरच्या पट्ट्यांची त्या नेहमी थट्टा करत. साधी पट्टी काढताना लव ओढली जाते आणि सुईपेक्षा तेच जास्त झोंबतं, म्हणून सिस्टर प्रत्येक पट्टीचा एक कोपरा दुमडून ठेवायची. तिथे बोट घातलं की पट्टी अलगद निघून यायची. मोठ्या बाई म्हणायच्या, "तुझी पट्टी म्हणजे पाकीट आहे. उघडायची सोय करून दिलेली." त्यांची स्वतःची पट्टी चारही बाजूंनी ठोकून बसवलेली असायची. असल्या लाडांना त्यांच्याकडे वेळ नव्हता.

गुंडी आली तेव्हा बाहेर पाच-सहा बायका थांबल्या होत्या. तिच्यामागे सासूबाईही होत्या. त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं आणि ते त्या आजारपणातही बंद ठेवत नसत. आज ठेवलं होतं.

"घेतलंस?" गुंडीने दारातूनच विचारलं.

"सकाळीच. मोठ्या बाईंनी दिलं."

"बघू."

सिस्टरने बाही वर केली. गुंडी पोट सांभाळत वाकली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि क्षणभर ते तिथेच ठेवलं.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"हं," गुंडी म्हणाली आणि सरळ उभी राहिली.

सासूबाई मागून बघत होत्या. "मला सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच सिस्टरला तो सहन होईना. "सकाळी माझ्या समोर चहा प्यायलीस. एका शब्दाने बोलली नाहीस."

"तुम्ही काळजी करत बसला असतात, आई."

"ती काय आता करणार नाही?"

गुंडी खुर्चीत बसलीसुद्धा. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी थांब गं. बाळ झालं की त्यालाच टोचून घेऊ. मी स्वतः घेऊन येईन."

"बाळाला लगेच देता येत नाही, आई," सिस्टर म्हणाली. ही वाक्यं ती रोज शंभरदा म्हणायची. "पहिले काही आठवडे या खोकल्याशी लढायला त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नसतं. आईकडून जे मिळेल तेवढंच. साथ आहे, तुम्हाला माहीत आहे."

"मला अडाण्यात काढू नकोस. दोन्ही मुलांना झाडून सगळ्या लसी दिल्यात मी, उन्हात रांगा लावून. पण ती मुलं माझ्या हातात होती. पोटातल्याचं आपल्याला काय दिसतं? एकदा आपण..." त्यांनी सिस्टरच्या पोटाकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

पुन्हा अर्धंच वाक्य. सिस्टरने पाठ फिरवून फ्रिज उघडला.

तिने नेहमीप्रमाणे लसीचं नाव आणि तारीख गुंडीला दाखवली. सुईचं टोपण काढलं. गुंडीचा दंड पुसला. इथवर हात आपापलं काम करत होते, पण त्या गोऱ्या, गुबगुबीत दंडाशी सुई नेल्यावर ते थबकले. ही माझ्या पट्टीवर विश्वास ठेवून बसली आहे, असं तिच्या मनात आलं. हिला काही झालं तर ते लसीने झालं की नाही हा प्रश्नच उरणार नाही, ते माझ्या खोटेपणाने झालेलं असेल. सांगून टाकावं, उठवून घरी पाठवावं. पण मग ती लस कधीच घेणार नाही, आणि ते काळंनिळं बाळ पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

दारातून मोठ्या बाई डोकावल्या. "मी देऊ का? घरच्या माणसाला टोचताना हात जड होतो."

"नको," गुंडी म्हणाली. ती सुईकडे बघतच नव्हती, वहिनीच्या तोंडाकडे बघत होती. "वहिनीच देईल."

सिस्टरने टोचलं. बोळा दाबला, पट्टी लावली, कोपरा दुमडला.

लस घेतलेल्या बाईने अर्धा तास व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, असा नियम होता. त्या बाकाला बायका शिक्षेचा बाक म्हणत. गुंडी तिथे जाऊन बसली, शेजारी सासूबाई टेकल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिवळी ओढणी घेतलेली एक बाई डुलक्या काढत होती. तिला मोठ्या बाईंनी टोचलं होतं. गुंडीची टकळी सुरू झालेली सिस्टरला आत ऐकू येत होती. शेजारणीची मांजर, नवऱ्याचं घोरणं, बाकाचा एक पाय कसा आखूड आहे. आत सिस्टर पुढच्या बायकांना टोचत होती आणि तिचा एक कान बाहेर लागलेला होता.

काही वेळाने टकळी थांबली.

सिस्टरने हातातली सुई टाकायच्या डब्यात टाकली आणि दाराकडे पाहिलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"ती म्हणतेय, बाळ हलत नाहीये."

सिस्टर बाहेर धावली. गुंडी दोन्ही हात पोटावर ठेवून, जमिनीकडे बघत बसली होती.

"केव्हापासून?"

"सकाळी हललं होतं. मग इथे यायच्या गडबडीत लक्षच नव्हतं. आता केव्हाची वाट बघतेय, वहिनी. काहीच नाही."

बाळं पोटात झोपतात. आपण धावपळीत असलो की त्यांचं हलणं जाणवत नाही. हे ती घाबरलेल्या बायकांना रोज सांगायची आणि त्यांच्या पाठीवर थोपटून त्यांना घरी पाठवायची. आज ते सोडून तिने गुंडीच्या पोटावर हात ठेवून पाहिला. हाताखाली काहीच हललं नाही.

"मी सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगत नव्हते? कुणी ऐकतं का माझं? एकदा झालं, त्याने पोट भरलं नाही तुमचं!"

पिवळ्या ओढणीवाली जागी होऊन इकडेतिकडे बघू लागली.

मोठ्या बाई आतून आल्या. त्यांनी गुंडीला आतल्या खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं आणि ठोके ऐकायचं छोटं यंत्र आणून पोटावर टेकवलं. नुसतीच खरखर आली. त्यांनी ते जरा खाली सरकवलं. पुन्हा खरखर. सिस्टर खाटेची लोखंडी कड धरून उभी होती. तिच्या आतलं बाळ मजेत पाय मारत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. मी हिला माझ्या भीतीच्या पुढे ढकललं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. जे स्वतः घ्यायची छाती झाली नाही ते मी हिला टोचलं. आता कुठलाही डॉक्टर येऊन कागदावर आकृत्या काढो.

मोठ्या बाईंनी यंत्र डावीकडे वळवून किंचित दाबलं. खरखरीतून टक टक टक असा भरभर आवाज आला, शिवणयंत्र चालावं तसा. कुणी काही बोलायच्या आत गुंडीच्या पोटाला एक उंचवटा आला आणि यंत्र मोठ्या बाईंच्या हातातून निसटता निसटता राहिलं.

"लाथ मारतंय मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "झोपमोड केली म्हणून. ऐका अजून, ऐकायचं असेल तेवढं."

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि तोंड दोन्ही हातांत धरून रडू लागल्या. सिस्टर बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि त्याच्या आवाजात तिनेही रडून घेतलं.

अर्धा तास पुरा व्हायचा होता, म्हणून मोठ्या बाईंनी गुंडीला पुन्हा बाकावर पाठवलं. सिस्टर तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, मला पाणी आण ना," गुंडी म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानातलं, गार." सासूबाई डोळे पुसत, पिशवी सावरत बाहेर पडल्या. त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत गुंडी त्यांच्याकडे बघत राहिली. मग सिस्टरच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"आता ती पट्टी काढ, वहिनी."

"कुठली?"

"सकाळपासून मिरवतेयस ती."

सिस्टरचा हात दंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

गुंडीने हनुवटीनेच बाकाच्या टोकाकडे खूण केली. पिवळ्या ओढणीवालीच्या दंडावर मोठ्या बाईंची पट्टी होती. सपाट, चारही बाजूंनी ठोकलेली. "त्या कोपरा दुमडत नाहीत. तो तू दुमडतेस. शाळेत होते तेव्हापासून तुझ्या पट्ट्या काढत आलेय मी, माझ्याच गुडघ्यावरनं. मला म्हणे मोठ्या बाईंनी दिलं!"

"तुला आल्या आल्याच कळलं?"

"बोट लावलं तेव्हाच."

"मग घेतलंस कशाला?" सिस्टरचा आवाज फुटला. "मी फसवत होते तुला. उठून जायचं होतंस. चार शिव्या द्यायच्या होत्यास."

"त्या देणारच आहे, घरी गेल्यावर." गुंडीने पोटावरचा हात जरा सरकवला. "पण तू माझ्याशी खोटं बोललीस तरी मला वाईट काही टोचशील का? मरशील पण टोचणार नाहीस. म्हणजे ते चांगलंच असणार. राहिली तुझी भीती. ती मला दिसली, वहिनी. आधी वाटलं, ओरडावं. मग वाटलं, तू आधी घेतलंस तर हा अर्धा तास तू एकटी बसणार आणि मागचं सगळं आठवत बसणार. त्यापेक्षा म्हटलं, मीच बसते आधी. तू बघशील मला काही होत नाही ते."

"आणि ते बाळ हलत नाही म्हणालीस ते?"

"ते नाटक नव्हतं गं," गुंडी म्हणाली. तिचा चेहरा अजून पांढराच होता. "तेव्हा माझीच पाचावर धारण बसली. तुझ्यासाठी शहाणपणा करायला गेले आणि पोराने माझाच जीव टांगणीला लावला."

सिस्टर हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने बाही वर केली, दुमडलेल्या कोपऱ्यात बोट घातलं आणि ओढलं. पट्टी जराही न दुखवता निघून आली. तिची गोळी करून ती कचऱ्याच्या डब्यात टाकायला आत गेली, तेव्हा मोठ्या बाई टेबल पुसत होत्या.

"बाई," ती म्हणाली, "एक राहिलंय."

मोठ्या बाईंनी तिच्या कोऱ्या दंडाकडे पाहिलं, मग मुठीतल्या त्या गोळीकडे. त्यांनी डोळे वटारले, पण बोलल्या एवढंच, "बस. हात सैल सोड. इतरांना सांगतेस ना?"

हात सैल सुटेना. तिने मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. तो आठवडा, ती खाट, उशाशी थांबलेलं ते वाक्य सगळं एकदम त्या दंडात येऊन बसलं होतं. एवढ्यात गुंडी दाराला टेकून उभी राहिलेली तिला दिसली.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल हं," गुंडी लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली.

सिस्टरला हसू आलं, आणि ते ओसरायच्या आत मोठ्या बाई कापूस दाबत होत्या.

सासूबाई पाण्याची बाटली घेऊन परतल्या तेव्हा दोघी बाकावर बसलेल्या होत्या. त्यांनी बाटली गुंडीच्या हातात दिली आणि त्यांचं लक्ष सुनेच्या दंडाकडे गेलं. सपाट पट्टी. मधोमध कापसातून वर आलेला रक्ताचा बारीक, ओला ठिपका. कपडा इस्त्रीला हातात घेतला की त्यांना त्यावरचा डाग आधी दिसायचा.

"म्हणजे सकाळी घेतलंच नव्हतंस."

"नाही, आई."

"आणि हिला..."

"मला ठाऊक होतं, आई," गुंडी म्हणाली. "मी माझ्या मनाने घेतलं. तिला काही बोलू नकोस."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. दोघींच्या पोटांवरून त्यांची नजर एकदा फिरली.

"इंजेक्शन..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

तोच शब्द होता, थांबल्याही तशाच. सिस्टरने पोटावरचा हात घट्ट केला आणि जमिनीवरच्या फरशीच्या रेघेकडे बघत पुढच्या शब्दांची वाट पाहिली.

"इंजेक्शन दुखलं का फार?"

मागच्या खेपेला हे कुणी विचारलंच नव्हतं. सिस्टरने नाही अशी मान हलवली आणि मग, डोळे भरून आले तेव्हा, हो अशी.

"सरका जरा," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. आखूड पायाचा बाक डुगडुगला. "किती वेळ बसायचं म्हणालीस?"

"अर्धा तास."

गुंडीचा अर्धा तास कधीच संपला होता. ती उठली नाही. बाटलीचं टोपण घट्ट लावून तिने ती मांडीवर ठेवली, वहिनीच्या दंडाकडे वाकली आणि मोठ्या बाईंनी ठोकून बसवलेल्या पट्टीचा एक कोपरा नखाने हळूहळू उचलून आत दुमडला.